मल्टिकास्ट राउटिंग: स्नूपिंगवर भागतंय, पिम स्पार्स लावायचं, की सरळ एसएसएम?

कॅमेऱ्यांचे स्ट्रीम एका व्हीलॅनमधून (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) दुसऱ्या व्हीलॅनमध्ये न्यायचेत, किंवा आयपीटीव्हीचे चॅनेल सगळ्या मजल्यांवर दिसायला हवेत, किंवा एका सर्व्हरवरून ढीगभर मशीनवर एकदम इमेज टाकायचीय, आणि कोणीतरी सांगून गेलं की "स्विचवर मल्टिकास्ट राउटिंग ऑन करा, होऊन जाईल". (मल्टिकास्ट म्हणजे एकच स्ट्रीम एका ग्रुप पत्त्यावर सोडायचा आणि ज्यांनी तो ग्रुप मागितला त्या सगळ्यांना द्यायचा; राउटिंग म्हणजे तो एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेणं.) मग तुम्ही मॅन्युअल उघडता आणि समोर डेन्स, स्पार्स, स्पार्स-डेन्स, बायडिर, एसएसएम, आरपी, बीएसआर, ऑटो-आरपी अशी सगळी वरात (हे पिम या मल्टिकास्ट राउटिंगच्या प्रोटोकॉलचे प्रकार आणि त्यांचे जोडीदार, एकेक पुढे येईलच). प्रत्येकाची कमांड दिलेली असते, पण यातलं घ्यायचं कुठलं हे कोणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा निर्णय स्विच बघून घ्यायचा नसतो, रिसीव्हर बघून घ्यायचा असतो. स्ट्रीम घेणारी मशीन सोर्सच्याच व्हीलॅनमध्ये आहेत का, त्यांना आयजीएमपीचं (रिसीव्हर ज्यातून ग्रुप मागतो तो प्रोटोकॉल) व्हर्जन ३ येतं का, आणि त्यांच्यावरच्या ॲपला "मला हा ग्रुप हवाय आणि तो याच सोर्सकडून हवाय" असं सांगता येतं का, एवढं कळलं की अर्धं काम झालं. डेटाशीट त्यानंतर. (स्विच आधीच घेऊन ठेवलेला असेल, बहुतेक वेळा असतोच, तर लायसन्सचा भाग मात्र आधी वाचा.)

आधी हे बघा की राउटिंग लागतंय तरी का

सोर्स आणि रिसीव्हर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर पिमचा काही संबंधच नाही. तिथे लागतं आयजीएमपी स्नूपिंग आणि एक क्वेरियर (कोणाला कुठला ग्रुप हवाय हे ठराविक वेळाने विचारणारा), बस्स. स्नूपिंग म्हणजे स्विच आयजीएमपीचे रिपोर्ट मधल्यामध्ये चोरून ऐकतो आणि ज्या पोर्टवरून मागणी आली तिथेच स्ट्रीम सोडतो, नाहीतर मल्टिकास्ट पण ब्रॉडकास्टसारखं सगळ्या पोर्टवर उधळलं जातं. आता गंमत अशी की स्नूपिंग बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर डिफॉल्टनेच ऑन असतं पण क्वेरियर नसतो, कारण क्वेरी पाठवणं हे मुळात राउटरचं काम आणि इथे त्या व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट राउटरच नाही. मग दिसतं असं की रिसीव्हर चालू केला, चित्र आलं, सगळे खूश, आणि चारेक मिनिटांनी चित्र गायब. चॅनेल बदलून परत त्यावर आलं की परत चारेक मिनिटं. गणित सरळ आहे, रिसीव्हरने जॉइन करताना स्वतःहून एकदा रिपोर्ट पाठवला होता, पुढे कोणी विचारलंच नाही म्हणून त्याने परत काही सांगितलं नाही, आणि स्विचने नोंद शिळी झाली म्हणून काढून टाकली. स्टँडर्डप्रमाणे क्वेरी दर १२५ सेकंदांनी जाते, उत्तराला १० सेकंद असतात, आणि एखादी क्वेरी हुकली तरी चालावं म्हणून नोंद २६० सेकंद टिकते. ब्रँडनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, लक्षण तेच राहतं.

या लक्षणावर खूप लोक एसव्हीआयवर (स्विचचा त्या व्हीलॅनमधला आयपीवाला इंटरफेस) पिम लावतात आणि स्ट्रीम खरंच टिकायला लागतो, मग समज असा पसरतो की मल्टिकास्टला राउटिंग लागतंच. पिम लावल्यावर तो इंटरफेस आपोआप आयजीएमपी क्वेरियर पण होतो, म्हणून ते चाललं, राउटिंगमुळे नाही. एकाच व्हीलॅनचं काम असेल तर स्नूपिंग क्वेरियर ऑन करा आणि मोकळे व्हा. एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरियर आले तरी भांडण होत नाही, सगळ्यात लहान आयपीवाला जिंकतो. (पिमच्या डीआर, म्हणजे त्या व्हीलॅनतर्फे पिमचं काम बघणाऱ्या राउटरच्या, निवडणुकीत बरोब्बर उलटं, तिथे प्रायॉरिटी सारखी असेल तर सगळ्यात मोठा आयपी जिंकतो. हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार.)

पण लेयर २ वर, म्हणजे राउटिंग न करता नुसत्या स्नूपिंगवर, भागवण्याची पण एक हद्द आहे आणि ती कळून घ्या. स्नूपिंगवाला स्विच ज्या पोर्टवर क्वेरी येताना बघतो त्याला एमराउटर पोर्ट समजतो, आणि त्या पोर्टवर तो सगळे ग्रुप पाठवतो, कोणी मागितले असोत वा नसोत. म्हणजे सोर्स जिथे आहे तिथून क्वेरियरपर्यंतच्या प्रत्येक अपलिंकवर सगळे स्ट्रीम चोवीस तास वाहतात. एका ॲक्सेस स्विचवर (ज्याला टोकाची उपकरणं जोडतात) ४० कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे १६० एमबीपीएस, एक गिगच्या अपलिंकला काहीच नाही. पण असे पाच स्विच एका डिस्ट्रिब्युशन स्विचवर (ॲक्सेस स्विच गोळा करणारा) आणि तिथून पुढे परत एकच गिग असेल तर ८०० झाले, आणि बाकीचा ट्रॅफिक अजून धरलेलाच नाही. म्हणून क्वेरियर नेहमी कोअरजवळ (नेटवर्कच्या मध्यातला मुख्य स्विच) ठेवा, कुठल्यातरी कोपऱ्यातला छोटा स्विच लहान आयपीमुळे क्वेरियर होऊन बसला तर सगळ्या बिल्डिंगचा व्हिडिओ त्याच्याकडे धावतो. असं चालू असताना कोणी त्या स्विचकडे बघत पण नाही, कारण त्याच्यावर ना कॅमेरा असतो ना मॉनिटर.

आणि एक वेगळाच गट आहे ज्यांना "फोनवरून शेजारच्या व्हीलॅनमधल्या टीव्हीवर कास्ट करायचंय" म्हणून मल्टिकास्ट राउटिंग हवं असतं. ते पिमने होणार नाही. एमडीएनएस (फोनला टीव्ही शोधून देणारा प्रोटोकॉल) २२४.०.०.२५१ वर चालतं आणि २२४.०.०.० पासून २२४.०.०.२५५ पर्यंतचा पट्टा हा लिंक-लोकल, तो कुठलाच राउटर पुढे नेत नाही, कितीही पिम लावा. तिथे एमडीएनएस गेटवे किंवा रिफ्लेक्टर हे फीचर शोधायचं. हे लोक इथेच थांबले तरी चालेल.

डेन्स विरुद्ध स्पार्स

रिसीव्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहेत, म्हणजे राउटिंग लागणार. आता पहिला फाटा.

डेन्स मोड म्हणजे न मागता सगळ्यांच्या दारात पेपर टाकत सुटायचं आणि ज्याला नकोय त्याने "नको" म्हणून कळवायचं, आणि ते "नको" पण थोड्या वेळाने विसरून परत टाकायचं. प्रूनची (म्हणजे त्या "नको"ची) मुदत साधारण तीन मिनिटांची, ती संपली की परत फ्लड, म्हणजे सगळीकडे उधळण. स्टेट रिफ्रेश नावाची सोय आहे ज्यामुळे हे पुन्हापुन्हा फ्लड होणं टळतं, पण ती सगळ्या बॉक्सवर असायला हवी. डेन्सचा एकच मोठा प्लस पॉइंट म्हणजे आरपी (सोर्स आणि रिसीव्हरची गाठ घालून देणारा ठरलेला राउटर) लागत नाही, इंटरफेसवर एक ओळ टाकली की झालं. म्हणून लॅबमध्ये, डेमोमध्ये आणि जुन्या कॉन्फिगमध्ये ते अजून सापडतं. याचा आरएफसी (इंटरनेट प्रोटोकॉलचा अधिकृत दस्तऐवज) ३९७३ हा २००५ चा आहे आणि तो पण "एक्सपेरिमेंटल" दर्जाचा. सिस्को नेक्ससवर तर डेन्स मोड नाहीच. नवीन डिझाइनमध्ये डेन्स घ्यावं असं एकही कारण मला दिसत नाही, आणि "आमचं नेटवर्क लहान आहे" हे कारण तर अजिबात नाही, कारण लहान नेटवर्कात स्पार्सचं कॉन्फिग पण लहानच असतं.

स्पार्स-डेन्स मोड हा सिस्कोचा मधला प्रकार, आरपी माहीत असेल तर स्पार्स, नसेल तर डेन्स. ऐकायला समजूतदार वाटतं. पण आरपी पोहोचेनासा झाला आणि त्याची माहितीच गेली की जे ग्रुप कालपर्यंत शहाण्यासारखे स्पार्समध्ये चालत होते ते डेन्समध्ये पडतात आणि सगळीकडे फ्लड सुरू होतं, म्हणजे आधीच नेटवर्कात काहीतरी बिघडलंय आणि वरून हे. जुन्या कॉन्फिगमध्ये सापडलं तर सगळे इंटरफेस सरळ स्पार्स करा, मग डेन्सवर पडायला जागाच राहत नाही.

स्पार्स मोडमध्ये कोणी मागितलं तरच पाठवायचं. समजा सोर्स १०.१.२०.५० आहे, ग्रुप २३९.१०.१०.५, आणि रिसीव्हर दुसऱ्या टोकाच्या स्विचवर व्हीलॅन ३० मध्ये. रिसीव्हरचा आयजीएमपी रिपोर्ट त्याच्या एल३ (राउटिंग करणाऱ्या) स्विचकडे येतो, त्या स्विचला सोर्स कोण हे माहीत नसतं, म्हणून तो आरपीच्या दिशेने जॉइन पाठवतो. तिकडे सोर्सचा पहिला पॅकेट त्याच्या स्विचवर येतो, तो स्विच तो पॅकेट रजिस्टर मेसेजमध्ये गुंडाळून आरपीला युनिकास्टने पाठवतो. आरपी दोघांची गाठ घालून देतो, सोर्सकडे स्वतः जॉइन पाठवतो, स्ट्रीम नीट यायला लागला की रजिस्टर-स्टॉप म्हणतो. पुढची पायरी लोकांच्या लक्षात राहत नाही. रिसीव्हरकडच्या स्विचला पहिला पॅकेट मिळाला की त्याला सोर्सचा आयपी कळतो, आणि तो आरपीला बाजूला ठेवून थेट सोर्सकडे सगळ्यात जवळच्या रस्त्याने जॉइन पाठवतो. सिस्कोवर हे डिफॉल्टनेच पहिल्या पॅकेटला होतं. म्हणजे "सगळा व्हिडिओ आरपीतून जाणार, मग आरपी म्हणून मोठा बॉक्स लागेल" ही भीती बहुतांशी फुकटची आहे, आरपी फक्त ओळख करून देतो. या थेट रस्त्यावर वळण्याचा थ्रेशोल्ड इन्फिनिटी करून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी, मग खरंच सगळं आरपीतूनच जातं.

हे सगळं एमराउट (मल्टिकास्ट रूट) टेबलात दिसतं आणि ते वाचायला शिकलात तर निम्मं ट्रबलशूटिंग तिथेच संपतं. दोन प्रकारच्या ओळी असतात, स्टार-कॉमा-जी म्हणजे "कुठलाही सोर्स, हा ग्रुप" आणि एस-कॉमा-जी म्हणजे "हाच सोर्स, हा ग्रुप". प्रत्येकीखाली इनकमिंग इंटरफेस, आरपीएफ नेबर (सोर्सच्या किंवा आरपीच्या दिशेचा पिम शेजारी) आणि आउटगोइंग लिस्ट. आता आरपीएफ नेबर ०.०.०.० दिसला की लोक घाबरतात, पण सोर्स त्याच स्विचला थेट जोडलेला असेल तर एस-कॉमा-जी मध्ये तिथे शून्यच असणार, इनकमिंगला व्हीलॅन २० दिसतंय ना, मग सगळं ठीक. आरपीवर स्टार-कॉमा-जी ला इनकमिंग नल आणि नेबर शून्य, हे पण बरोबर, कारण झाडाचं मूळ तोच आहे. पण मधल्याच कुठल्यातरी स्विचवर, जो ना आरपी आहे ना सोर्सचा शेजारी, तिथे इनकमिंग नल दिसला तर मात्र आरपीएफ बोंबललंय. एकतर सोर्सकडे (किंवा आरपीकडे) जाणारा युनिकास्ट रूट नाही, किंवा रूट ज्या इंटरफेसवरून जातो तिथे पिम लावलेला नाही.

त्यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे स्टॅटिक रूट एचएसआरपी किंवा व्हीआरआरपीच्या (दोन राउटरनी मिळून एकच गेटवे पत्ता चालवण्याची सोय) व्हर्च्युअल आयपीवर मारलेला असणं. युनिकास्ट मस्त चालतं, पिंग जातो, सगळं हिरवं. पण पिमला आरपीएफ नेबर म्हणून तो व्हर्च्युअल आयपी मिळतो आणि त्या आयपीचा पिम शेजारी कोणीच नसतो, कारण पिमचे हॅलो स्वतःच्या खऱ्या आयपीने जातात. जॉइन जाणार कोणाकडे? म्हणून मल्टिकास्ट करायचंय तिथे एल३ स्विचांमध्ये ओएसपीएफसारखा राउटिंग प्रोटोकॉल असलेला बरा, स्टॅटिकवर डोकं खाजवत बसण्यापेक्षा.

एकच कोअर असेल तर एवढा विचार नको

सगळे एसव्हीआय एकाच एल३ स्विचवर (किंवा एका स्टॅकवर) असतील, आणि अशी नेटवर्कं भरपूर आहेत, तर वरचं सगळं नाट्य एकाच बॉक्सच्या पोटात घडतं. सोर्सचा स्विच तोच, रिसीव्हरचा तोच, आरपी पण तोच. ग्लोबल मल्टिकास्ट राउटिंग ऑन, लागतील त्या एसव्हीआयवर पिम स्पार्स, एक लूपबॅक (कुठल्याच पोर्टला न बांधलेला इंटरफेस), त्यावर पण पिम, आणि तोच लूपबॅक स्टॅटिक आरपी म्हणून. संपलं. आरपी द्यायला मात्र विसरू नका, "एकच तर बॉक्स आहे, आरपी कशाला" असं वाटतं पण स्पार्स मोडला आरपी लागतोच. एसएसएम, बीएसआर, एनीकास्ट हे सगळं या केसमध्ये वाचून विसरून गेलात तरी चालेल. ॲक्सेस स्विचवर फक्त स्नूपिंग, क्वेरियर वेगळा नको कारण कोअरचा एसव्हीआय ते काम करतोय.

आरपी कसा कळवायचा

दोन-तीनपेक्षा जास्त एल३ स्विच असतील तर प्रश्न येतो की सगळ्यांना आरपीचा पत्ता कसा कळणार. स्टॅटिक म्हणजे प्रत्येक बॉक्सवर हाताने एक ओळ. ऑटो-आरपी ही सिस्कोची स्वतःची पद्धत, २२४.०.१.३९ आणि २२४.०.१.४० या ग्रुपवर घोषणा होते, आणि इथे अंडं आधी की कोंबडी अशी पंचाईत आहे की आरपी कळवायला मल्टिकास्ट लागतं आणि मल्टिकास्ट चालायला आरपी, त्यासाठी मग लिसनर नावाची वेगळी कमांड टाकावी लागते. बीएसआर हा स्टँडर्ड, २००८ चा आरएफसी ५०५९, त्याची माहिती पिमच्या मेसेजमधूनच हॉप-बाय-हॉप जाते त्यामुळे ती पंचाईत नाही आणि वेगवेगळ्या ब्रँडचे स्विच एकत्र नांदतात.

मी स्टॅटिकच्या बाजूने आहे आणि थोडा हट्टाने आहे. लोक म्हणतात प्रत्येक बॉक्सवर ओळ टाकावी लागते, अहो पण एकदाच टाकायची आहे, आणि आरपीचा पत्ता म्हणून लूपबॅक घेतला तर तो पत्ता उद्या दुसऱ्या बॉक्सवर पण उचलून नेता येतो. बीएसआर घेतलं की कोण बीएसआर झालाय, कुठला आरपी कुठल्या ग्रुपला मिळालाय, हे अजून एक थर बघावं लागतं. आरपी पडला तर काय, याचं उत्तर एनीकास्ट आरपी, म्हणजे दोन कोअरवर एकच लूपबॅक आयपी, प्रत्येक स्विच आपल्या जवळच्याकडे जातो, एक मेला की युनिकास्ट राउटिंगच त्याला दुसऱ्याकडे वळवतं. दोन्ही आरपींना एकमेकांचे सोर्स कळावेत म्हणून मधे एमएसडीपी, किंवा नेक्ससवगैरेवर पिमचाच एनीकास्ट प्रकार जो आरएफसी ४६१० मध्ये आहे. स्टॅटिक पत्ता आणि मागे एनीकास्ट, हे जोडगोळीने इतकं व्यवस्थित चालतं की बीएसआरची आठवण येत नाही. खूप मोठं, रोज नवीन बॉक्स जोडलं जाणारं, वेगवेगळ्या टीमचं नेटवर्क असेल तर बीएसआर घ्या, तिथे त्याला अर्थ आहे. ऑटो-आरपी नवीन ठिकाणी नको.

एसएसएम: चांगलं आहे, पण

आता खरा सामना स्पार्स विरुद्ध एसएसएम. एसएसएममध्ये रिसीव्हर ग्रुपबरोबर सोर्स पण सांगतो, त्यामुळे त्याचा स्विच पहिल्या क्षणापासून थेट सोर्सकडे जॉइन पाठवतो. आरपी नाही, रजिस्टर नाही, एमएसडीपी नाही, वरचा अख्खा सेक्शन गायब. टेबलात फक्त एस-कॉमा-जी ओळी, वाचायला पण सोपं. यासाठी २३२.०.०.०/८ हा पट्टा राखून ठेवलाय, आणि २००६ चा आरएफसी ४६०७ त्याचाच. दोन वेगळ्या सोर्सनी एकच ग्रुप वापरला तरी काही बिघडत नाही कारण ओळख ही जोडीने होते.

सिक्युरिटीचा मुद्दा मला जास्त मोठा वाटतो. साध्या स्पार्समध्ये ग्रुपवर कोणीही काहीही पाठवू शकतो, कोणी लॅपटॉपवरून २३९.१०.१०.५ वर टेस्ट व्हिडिओ सोडला तर तो इमानदारीत सगळ्या रिसीव्हरकडे जातो, थांबवायचं असेल तर आरपीवर रजिस्टर फिल्टर लावा, एसीएल लावा. एसएसएममध्ये रिसीव्हरने ज्याचं नावच घेतलं नाही त्याचा पॅकेट त्याच्याकडे जायला रस्ताच नाही. ब्रॉडकास्ट स्टुडिओच्या आयपी व्हिडिओत एसएसएम आवडीचं आहे त्यामागे हे पण एक कारण. आणि आयईटीएफने (इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) तर २०२० च्या आरएफसी ८८१५ मध्ये वेगवेगळ्या डोमेनमधल्या मल्टिकास्टसाठी एसएसएमच वापरा, सोर्स न सांगता ग्रुप मागायची जुनी पद्धत सोडा असं सरळ म्हटलंय. स्वतःच्या नेटवर्काच्या आत मात्र जुन्या पद्धतीला बंदी नाही.

मग सगळ्यांनी एसएसएमच का नाही? कारण ते सगळं रिसीव्हरवर अवलंबून आहे. आयजीएमपी व्हर्जन ३ लागतं. त्याचं स्टँडर्ड २००२ चं, विंडोज एक्सपीपासून ते आहे, लिनक्सवर पण कधीपासून आहे, म्हणजे कॉम्प्युटर हा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम असतो सेट-टॉप बॉक्स, डिकोडर, जुना एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), भिंतीत बसवलेला कुठलातरी पॅनेल, ज्याला व्हर्जन २ शिवाय काही माहीत नाही. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला येत असलं तरी ॲपमध्ये सोर्स टाकायला रकाना नसेल तर काय उपयोग? व्हीएलसीमध्ये पत्त्यातच सोर्स लिहिता येतो, पण कंपनीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये ते असेलच असं नाही. स्विचवर एसएसएम मॅपिंग नावाची सोय असते, व्हर्जन २ चा रिपोर्ट आला की स्विच स्वतःच ठरलेला सोर्स जोडतो, पण ती यादी तुम्हाला सांभाळायची आहे आणि उद्या सोर्सचा आयपी बदलला की ती यादी शोधत फिरायचंय.

आयपी बदलण्याचा मुद्दा तसाही बोचरा आहे. स्टँडबाय एन्कोडर वेगळ्या आयपीवर असेल तर स्पार्समध्ये रिसीव्हरला काही फरक पडत नाही, त्याने ग्रुप मागितलाय, देणारा कोणी का असेना. एसएसएममध्ये ॲपला दोन्ही सोर्स माहीत असायला हवेत. आणि कॅमेऱ्यांना डीएचसीपीने आयपी देत असाल तर एसएसएमचा विचार करण्याआधी ते रिझर्व्हेशनवर आणा.

अजून एक, ॲक्सेस स्विच विसरू नका. कोअर कितीही भारी असला तरी मधल्या जुन्या ॲक्सेस स्विचचं स्नूपिंग फक्त व्हर्जन २ पर्यंतचं असेल तर व्हर्जन ३ चे रिपोर्ट, जे २२४.०.०.२२ वर जातात, त्याला कळत नाहीत आणि तो एकतर फ्लड करतो नाहीतर गिळून बसतो.

तेव्हा माझा कौल असा: रिसीव्हर तुमच्या हातात आहेत, सॉफ्टवेअर तुम्ही निवडणार आहात, सोर्सचे आयपी फिक्स आहेत, तर एसएसएम, दुसरा विचार नको. रिसीव्हर सरमिसळ आहेत, कोणीतरी आधीच बसवून गेलंय, तर स्पार्स आणि एनीकास्ट आरपी. आणि दोन्ही एकत्र पण चालतात बरं का, २३२ चा पट्टा एसएसएम आणि २३९ चा स्पार्स, एकाच इंटरफेसवर, एकाच पिम कॉन्फिगवर. नवीन गोष्टी २३२ वर टाकत जा, जुन्या जशा मरतील तशा मरू द्या.

बायडिरचं थोडक्यात, जिथे प्रत्येक जण सोर्स पण आहे आणि रिसीव्हर पण, शेकडो टोकं एकमेकांशी बोलतायत, तिथे एस-कॉमा-जी च्या ओळी बेसुमार वाढतात आणि बायडिर फक्त स्टार-कॉमा-जी वर भागवतो. व्हिडिओ, कॅमेरे, इमेजिंग, यात तशी गरज पडत नाही.

कमांडमधले फरक आणि ग्रुपचे पत्ते

सिस्को कॅटलिस्टवर ग्लोबल मल्टिकास्ट-राउटिंग ऑन करून इंटरफेसवर पिम स्पार्स-मोड लावलं की आयजीएमपी त्याच्याबरोबर आपोआप येतं, पण व्हर्जन २ येतं, एसएसएम हवं तर व्हर्जन ३ ची ओळ वेगळी टाका आणि एसएसएम डिफॉल्ट ही ग्लोबल ओळ पण. नेक्ससवर आधी पिम हे फीचर ऑन करावं लागतं, एसएसएमचा २३२ पट्टा तिथे आपसूक धरलेला असतो. अरुबाच्या सीएक्स आणि हुआवेच्या स्विचवर इंटरफेसवर पिम आणि आयजीएमपी दोन्ही वेगवेगळे ऑन करावे लागतात, सिस्कोची सवय असलेला माणूस इथे हमखास आयजीएमपी विसरतो आणि मग पिम नेबर तर दिसतायत पण ग्रुप एकही नाही असं बघत बसतो.

ग्रुपचे पत्ते निवडताना २३९.०.०.काहीतरी आणि २३९.१२८.०.काहीतरी टाळा. मल्टिकास्ट आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट मॅक पत्त्यात उतरतात, म्हणजे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येतात, आणि वरचे दोन पट्टे नेमके लिंक-लोकल पट्ट्याच्या मॅकवर पडतात, जे स्विच स्नूपिंग न करता सगळीकडे सोडतात. २३२ मध्ये पण हाच नियम लावा. म्हणजे स्नूपिंग परफेक्ट आहे तरी सगळ्या पोर्टचे दिवे लुकलुकतायत, असं दिसलं तर आधी पत्ता बघा.

लायसन्स, टेबल आणि टीटीएल

"मल्टिकास्ट सपोर्टेड" असं डेटाशीटवर लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. कॅटलिस्ट ९३०० वर खालच्या नेटवर्क इसेन्शियल्स लायसन्सवर पिम स्टब मिळतं, म्हणजे कडेचा स्विच म्हणून ठीक, पण पूर्ण पिमसाठी ॲडव्हान्टेज लागतं. ही ओळ कोटेशनमध्ये आधी बघितलेली बरी, नंतर कमांडच घेत नाही म्हणून कळण्यापेक्षा. दुसरं म्हणजे हार्डवेअर टेबल. प्रत्येक स्विचची मल्टिकास्ट रूटची ठराविक हद्द असते, जुन्या कॅटलिस्ट ३७५० वर डिफॉल्ट टेम्प्लेटमध्ये ग्रुप आणि मल्टिकास्ट रूट मिळून १ के एवढीच जागा. हद्द ओलांडली की उरलेले स्ट्रीम सीपीयूवर पडतात किंवा पुढे जातच नाहीत, आणि सीपीयूवर पडले तर स्विचची कन्सोलसुद्धा रांगायला लागते. कॅमेऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक कॅमेरा एक ग्रुप, मेन आणि सब स्ट्रीम वेगळे धरले तर दोन, वर स्टार-कॉमा-जी च्या ओळी वेगळ्या, एसएसएममध्ये या शेवटच्या वाचतात. हिशोब आधी करा.

आणि टेस्ट करताना सगळ्यात आधी सोर्सचा टीटीएल (पॅकेटने किती हॉपपर्यंत जायचं तो आकडा) बघा. मल्टिकास्ट सॉकेटचा डिफॉल्ट टीटीएल १ असतो, ॲपने तो वाढवला नाही तर स्ट्रीम स्वतःच्या व्हीलॅनमध्ये झकास दिसतो आणि एल३ स्विच तो पुढे न नेता टाकून देतो, मग डेन्स लावा, स्पार्स लावा की एसएसएम. सोर्सच्या पोर्टवर मिररिंग लावून एक पॅकेट कॅप्चर करा, आयपी हेडरमध्ये टीटीएलचा रकाना बघा, तिथे १ असेल तर स्विचच्या कॉन्फिगला हात लावायच्या आधी एन्कोडरच्या सेटिंगमध्ये जा आणि मधल्या हॉपपेक्षा मोठा आकडा टाका, १६ किंवा ३२ काहीही चालेल.